पहिल्या शिकारी रायफलीवर स्कोप असावा की उघडी साइट?

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलाला न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटागो भागात एका डेअरी फार्मवर नोकरी मिळाली असून तीन महिन्यांनी तो रवाना होईल. फार्मच्या मालकाने त्याला आधीच कळवले आहे की तिकडे सशांचा उपद्रव मोठा आहे, डोंगरातली हरणेही कुरणात उतरतात, आणि त्याने रीतसर परवाना काढला तर सुटीच्या दिवशी तोही बरोबर येऊ शकेल. मुलाने आयुष्यात कधी बंदूक हाताळलेली नाही, पण पहिल्या रायफलीवर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हवाच हे मात्र त्याने ठरवून टाकले आहे.

मी १९९१ मध्ये नाशिकला महाविद्यालयात असताना एनसीसीत होतो. पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलीने पंचवीस मीटरवर पाच गोळ्यांचे ग्रुपिंग करायचे, आणि ते रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले की उस्ताद पाठीवर थाप मारायचे, एवढाच माझा अनुभव आहे. तरीही माझे मत असे आहे की नवशिक्याने आधी उघड्या साइटची, म्हणजे रायफलीवरच्या साध्या धातूच्या साइटची, पुढची माशी आणि मागची खाच जुळवायला शिकावे, कारण स्कोपची सवय लागली की नेम धरण्याचे मूळ शिक्षण राहून जाते. या मताला एका फसलेल्या खरेदीचाही आधार आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक स्प्रिंगची एअर रायफल आणि तिच्यावर दुकानदाराच्या आग्रहाखातर एक स्वस्त स्कोप घेतला होता. पहिल्या आठवड्यात दहा मीटरवर छर्रे ठीक लागले, पण छर्र्यांची दुसरी डबी फोडली तोवर तीच रायफल एक छर्रा डावीकडे आणि दुसरा वर मारू लागली. स्कोप काढून ठेवला तेव्हा कुठे ती पुन्हा शहाण्यासारखी वागू लागली.

मुलगा म्हणतो की हा अनुभव स्वस्त वस्तूचा आहे, पद्धतीचा नाही. जाणकारांनी कृपया सांगावे की आमच्यापैकी कोणाचे बरोबर आहे, आणि उरलेल्या तीन महिन्यांत नाशिकमध्ये त्याची काही तयारी करून घेता येईल का.

देवळालीकर_निवृत्त

आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्यामागचे कारण आपण सांगितलेले नाही, म्हणून ते मांडतो. उघड्या साइटवर डोळ्यापुढे तीन वस्तू तीन वेगवेगळ्या अंतरांवर असतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य. मानवी डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, त्यामुळे यांतल्या दोन वस्तू धूसर राहणारच. नवशिका लक्ष्याकडे टक लावून पाहतो आणि माशीला विसरतो. प्रत्यक्षात माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते.

यामागे साधे त्रैराशिक आहे. खाच आणि माशी यांच्यात पन्नास सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. माशी खाचेच्या मध्यापासून केवळ एक मिलिमीटर सरकली, तर पन्नास मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते आणि शंभर मीटरवर वीस. याउलट माशी आणि खाच अचूक जुळलेल्या असतील आणि सगळी रायफलच किंचित डोलत असेल, तर चूक त्या डोलण्याएवढीच राहते. हा फरक ज्याच्या हाताला एकदा कळला, त्याच्या हातात पुढे कोणतीही रायफल द्या, गाल दस्त्यावर कुठे टेकवायचा आणि चाप सावकाश कसा दाबायचा हे त्याला नव्याने सांगावे लागत नाही.

सव्वीस वर्षांच्या नोकरीत स्कोप मी मोजक्या वेळाच वापरला, म्हणून त्याच्याविषयी अधिकाराने बोलणार नाही. मात्र काचेवर धुके बसते आणि पावसाचे थेंब साचतात, हे देवळालीच्या पावसाळ्यात नुसती दुर्बीण घेऊन उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. लोखंडी माशीची अशी कोणतीच तक्रार नसते. आपल्या मुलाने आधी उघड्या साइटवरच शिकावे.

दक्षिणबेट

मी मूळचा नाशिकरोडचा असून गेली अकरा वर्षे ओटागोत राहतो, आणि सात वर्षांपासून इथे शिकारीला जातो. देवळालीकरांनी उघड्या साइटबद्दल लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. परंतु त्यांचे उदाहरण कागदी लक्ष्याचे आहे आणि प्रश्न जिवंत जनावराचा आहे, त्यामुळे माझे उत्तर वेगळे येते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण आपल्याकडच्या माणसाला हरिण मारण्याची परवानगी असते हेच चमत्कारिक वाटते आणि मलाही ते पचायला वेळ लागला. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर सस्तन प्राणी मूळचे नाहीत. रेड डिअर इथे १८५१ पासून बाहेरून आणून सोडली गेली, ससेही तसेच आले, आणि दोघांनी इथल्या वनस्पतींची आणि कुरणांची धूळधाण केली. म्हणून सार्वजनिक वनजमिनीवर वनखात्याचा परवाना घेऊन बहुतेक ठिकाणी वर्षभर हरणांची शिकार करता येते. हा परवाना जागेचा असतो. शस्त्राचा परवाना त्याहून वेगळा असून त्यासाठी सुरक्षेचे प्रशिक्षण, लेखी परीक्षा आणि पोलिसी पडताळणीसारखी चौकशी या सर्वांतून जावे लागते. पहिला परवाना पाच वर्षांचा मिळतो. २०१९ मधील क्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, त्यामुळे आपला मुलगा बोल्टची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी, रायफलच घेईल आणि नवशिक्यासाठी तीच उत्तम आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माशीची जाडी दोन मिलिमीटर आहे आणि ती डोळ्यापासून ऐंशी सेंटिमीटरवर आहे असे समजा. मग पन्नास मीटरवर ती साडेबारा सेंटिमीटर रुंदीचा भाग झाकते आणि शंभर मीटरवर पंचवीस. पन्नास मीटरवरच्या सशाचा बराचसा भाग त्या माशीमागे लपतो. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे असलेला भाग ढोबळमानाने वीस ते पंचवीस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे शंभर मीटरवर तोही पूर्ण झाकला जातो. कागदावर गोळी चार बोटे सरकली तर गुण जातो, पण इथे ती सरकली तर पोटात गोळी घेतलेले जनावर झाडीत शिरते आणि तुम्ही अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरता. मी हे एकदा केले आहे. ते हरिण मला सापडले नाही.

हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, हा दुसरा मुद्दा. त्या वेळी काळी माशी तपकिरी अंगावर दिसेनाशी होते. स्कोपमध्ये पुढच्या काचेचा व्यास भागिले मोठेपणाची पट एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापर्यंत पोहोचतो. चाळीस मिलिमीटरच्या काचेतून चारपट मोठे पाहिले तर हा झोत दहा मिलिमीटरचा, आणि नऊपट पाहिले तर जेमतेम साडेचार मिलिमीटरचा. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली त्याहून अधिक उघडलेली असते, त्यामुळे जास्त पट लावली की चित्र काळवंडते. नवशिके नेमके उलट करतात. हरिण दिसले की घाईने नऊवर फिरवतात, मग त्यांना नुसती फांद्यांची जाळी दिसते आणि हरिण सापडत नाही. पहिला स्कोप दोन ते सात किंवा तीन ते नऊ पटींचा घ्यावा आणि झाडीत चालताना तो कायम सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवावा.

एक गोष्ट मात्र मी स्कोपच्या बाजूचा असूनही त्याच्या विरोधात सांगणार आहे. स्कोप हा पाहण्यासाठी नाही. दूरच्या झुडपात काहीतरी हलले आणि ते काय आहे हे बघायला रायफल उचलली, म्हणजे ते जर माणूस असेल तर तुम्ही माणसावर रायफल रोखलेली असते. इथल्या सुरक्षेच्या सात नियमांत लक्ष्य निःसंशय ओळखल्याशिवाय गोळी झाडू नये असा स्वतंत्र नियम आहे, कारण सोबत्यालाच हरिण समजून गोळी घातल्याच्या घटना या देशात घडलेल्या आहेत. म्हणून पैसे पुरत नसतील तर स्कोप साधा घ्यावा, पण गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच.

आणि हो, साइटचा प्रश्न रायफलीप्रमाणेही बदलतो. सशांसाठीच्या पॉइंट टू-टू रायफलींतील अनेकींवर आजही उघडी साइट बसवलेली मिळते आणि वर स्कोप बसवण्यासाठी खाचाही असतात. हरणांसाठीच्या थ्री-झीरो-एट वगैरे मोठ्या रायफलींपैकी बहुतेक नव्या रायफलींच्या नळीवर माशीच नसते. त्यामुळे मोठी रायफल घेताना निवडीचा प्रश्न फारसा उरतच नाही.

देवळालीकर_निवृत्त

माशी किती झाकते हा हिशेब मी कधी केला नव्हता, आज कागदावर करून पाहिला आणि तो बरोबर आहे. शंभर मीटरवरच्या हरणाबाबत मी माझा आग्रह सोडतो. शिकण्याबाबत तो कायम आहे.

दहामीटर (नाशिक)

मी नाशिकमध्ये दहा मीटर एअर रायफलच्या नवोदितांना शिकवतो. शिकावे कशावर आणि शिकार कशाने करावी, हे दोन वेगळे प्रश्न या चर्चेत एकमेकांत मिसळले आहेत असे मला वाटते, पण त्याआधी गोदाकाठ यांच्या बिघडलेल्या स्कोपचे कोडे सोडवतो, कारण दर महिन्याला कोणी ना कोणी ते घेऊन माझ्याकडे येतो.

काडतुसाची रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या एअर रायफलीत आधी जड पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी आपटून थांबतो तेव्हा तीच रायफल पुढे हिसका देते. साध्या स्कोपची आतली रचना मागच्या धक्क्यासाठी केलेली असते, हा पुढचा हिसका तिला सोसत नाही आणि आतली नेमाची फुली आधाराला ठेवणारी व्यवस्था सैल होते. शिवाय प्रत्येक हिसक्याला स्कोपच्या पकडी पट्टीवरून केसभर मागे सरकतात. थोडक्यात, आपल्याला मिळालेली वस्तू स्वस्त तर होतीच, पण ती चुकीच्या जागीही बसवली होती. मुलगा काडतुसाच्या रायफलीवर चांगला स्कोप लावील तेव्हा हा अनुभव येणार नाही, म्हणून तो पुरावा निकालात काढावा. त्यात भर म्हणजे शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या स्कोपमधून दहा मीटरवर पाहिले की चित्र धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की फुली लक्ष्यावरून सरकते. दहा मीटरवर वापरायचाच असेल तर जवळच्या अंतरासाठी जुळवता येणारा स्कोप लागतो.

आता तयारीविषयी. नाशिकला या खेळाची ओळख नवी नाही. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले, नेमबाज आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ असलेले भीष्मराज बाम २०१७ मध्ये जाईपर्यंत याच शहरात राहून खेळाडू घडवत होते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे क्रीडा प्रबोधिनीच्या काळात नाशिकलाच नेमबाजी शिकला. त्याच्या रायफलीवर स्कोप नव्हता, कारण त्या प्रकारात तो चालत नाही. पण माशी आणि खाचही नव्हती. त्या खेळात मागे बारीक छिद्राची पीप साइट असते आणि पुढे एक कडे असते. बारीक छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, जसे चष्म्याशिवाय मूठ बारीक करून तिच्या फटीतून पाहिले की पाटीवरची अक्षरे वाचता येतात. स्कोप आणि उघडी साइट यांच्यामध्ये हा तिसरा मार्ग आहे, आणि तो कोणीच मांडला नाही म्हणून लिहिले.

मुलाला आपण दहा मीटरच्या रेंजवर आणावे. पहिला आठवडा छर्राही देत नाही. आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहतो: दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहायचे आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहते तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर पुढे साइट कोणतीही असली तरी आधी त्याचाच निर्णय घ्यावा लागतो. त्यानंतर उभे राहणे, श्वास, आणि रिकाम्या रायफलीचा चाप दाबणे. तीन महिने पुरेसे आहेत.

कायद्याची बाजूही स्पष्ट असलेली बरी. २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि ४.५ मिलिमीटर व्यासाच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. याचा अर्थ ती घेऊन गंगापूर धरणाच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या काठावर पक्षी टिपायला जायला हरकत नाही असा काहीजण घेतात, आणि तो साफ चुकीचा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शस्त्र कोणते आहे हे विचारत नाही. सराव फक्त कागदावर आणि फक्त रेंजवर करावा.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मध्यंतरी आम्ही दोघेही रेंजवर जात होतो. मुलाला सोडायला म्हणून गेलो आणि तिसऱ्या दिवशी मीही रायफल मागून घेतली.

इथे एक कबुली द्यावी लागते. १९९१ ची माशी मला काळी, धारदार, कडा मोजता येतील इतकी स्पष्ट आठवते. या वेळी मी गाल टेकवला, डावा डोळा मिटला, आणि पुढे माशीच्या जागी काळसर कापूस दिसला. लांबचा चष्मा लावला तर कागद स्पष्ट आणि माशी धूसर, वाचायचा लावला तर माशी थोडी बरी दिसते पण कागद भिंतीत विरघळतो. मी एकावन्न वर्षांचा आहे. ज्या साइटची मी मुलाला सक्ती करत होतो ती माझ्याच डोळ्यांना आता झेपत नाही. दहामीटर यांनी मग मला पीप साइटची रायफल दिली आणि दहातले सहा छर्रे कागदावरच्या काळ्या वर्तुळात लागले, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मुलाचे मात्र उलटे झाले. त्याचे डोळे तेवीस वर्षांचे आहेत आणि माशी त्याला लख्ख दिसते. पहिल्या दिवशी त्याचे छर्रे ताटभर पसरले होते, काल ते चहाच्या बशीत मावले. त्याने स्वतःच सांगितले की आपली चूक साइटमध्ये नव्हतीच, छर्रा सुटण्याच्या क्षणी तो चापाला हिसका देत होता आणि डोळे मिटत होता. एकदा रेंजवरच्या दुसऱ्या रायफलीला लावलेल्या स्कोपमधून त्याने पाहिले तेव्हा फुली इतकी थरथरताना दिसली की तो घाबरला. ती थरथर माशीवरही होतीच, फक्त मोठी करून दाखवणारे कोणी नव्हते. ती फुली काळ्यावरून जाताना पकडण्याच्या नादात त्याने पुन्हा दोनदा हिसका दिला.

आमच्यात आता असे ठरले आहे की तो तिकडे पहिली रायफल उघड्या साइटची पॉइंट टू-टू घेईल, दोनशे काडतुसे कागदावर झाडेल, मग तिच्यावरच स्कोप चढवील आणि त्यानंतरच सशांकडे वळेल. हरणांची रायफल पुढच्या वर्षी. दक्षिणबेट, स्कोप बसवताना नवशिका कुठे चुकतो तेवढे सांगून ठेवाल का?

दक्षिणबेट

क्रम उत्तम आहे. स्कोप बसवताना चार चुका मी स्वतः केल्या, त्यांपैकी तीन सांगण्यासारख्या आहेत.

स्कोपच्या मागच्या काचेपासून डोळा आठ-दहा सेंटिमीटर दूर राहिला पाहिजे. दुकानात उभे राहून जुळवले की ते अंतर बरोबर वाटते, पण जमिनीवर पालथे पडून नेम धरला की मान पुढे सरकते. पॉइंट टू-टूला याची शिक्षा होत नाही. थ्री-झीरो-एटला होते, आणि मग भुवईच्या वर रक्ताची अशी चंद्रकोर उमटते की आठवडाभर फार्मवरचे लोक विचारत राहतात. म्हणून ज्या स्थितीत गोळी झाडायची त्या सगळ्या स्थितींत जुळवून मगच पकडींचे स्क्रू आवळावेत.

दुसरे असे की, झिरो करताना, म्हणजे फुली आणि गोळी एकाच जागी आणताना, सुरुवात पंचवीस मीटरवरून करावी. रायफल टेकूवर स्थिर ठेवून, बोल्ट काढून नळीतून मागून पाहावे, लक्ष्य नळीच्या मध्यावर आणावे आणि मग फुली तिथे फिरवावी. त्यानंतर तीन गोळ्या झाडून त्यांच्या मध्यावरून दुरुस्ती करावी, एका गोळीवरून नव्हे. बहुतेक स्कोपच्या जुळवणीच्या चकतीचा एक टिचका गोळी लागण्याची जागा शंभर मीटरवर साधारण सात मिलिमीटर हलवतो. पन्नास मीटरवर तो त्याच्या निम्मा आणि पंचवीसवर चौथाई, हे विसरून लोक टिचके कमी मोजतात आणि स्कोपला नावे ठेवतात. पॉइंट टू-टू पन्नास मीटरवर झिरो करून तिथेच थांबावे, कारण शंभरावर तिची गोळी पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून खाली उतरते आणि सशाच्या बाबतीत तेवढे अंतर म्हणजे संपूर्ण ससा.

तिसरी चूक माझ्या मालकाच्या गाडीला अजून दिसते. स्कोप नळीपेक्षा सुमारे चार सेंटिमीटर वर असतो. गाडीच्या बॉनेटवर रायफल टेकवून मी ससा पाहिला, स्कोपमध्ये समोर सगळे मोकळे होते, आणि गोळी बॉनेटच्या उंचवट्यातून आरपार गेली, कारण नळीपुढे ते मोकळे नव्हते. उघड्या साइटवर हे सहसा घडत नाही, कारण माशीबरोबर नळीचे टोकही डोळ्यासमोर असते. मुलाला सांगा की दगड, तारेचे कुंपण किंवा बॉनेट यांच्यावर टेकताना आधी स्कोपवरून नजर काढून नळीच्या तोंडापुढे पाहावे.

तो पोहोचला की त्याने इथे लिहावे. माझ्या रायफलीवरचा जुना चारपट स्कोप कपाटात पडून आहे, पहिल्या वर्षासाठी घेऊन जाऊ दे.